‘कोडक’ म्हणजे काय? काहीच नाही

प्रश्न असा आहे: ‘कोडक’ या कॅमेऱ्यांच्या नावाची व्युत्पत्ती काय? कॅमेऱ्याचा खटका दाबल्यावर होणाऱ्या आवाजावरून तो आला, हे खरं का? आणि लिहायचं ‘कोडक’ की ‘कोडॅक’?

आवाजाची गोष्ट झकास आहे, पण मागाहून चिकटवलेली. आपल्या ‘कोडकौतुका’शीही त्याचं नातं नाही; पोरांच्या फोटोंनी कपाट भरलेल्या घरात तसं वाटू शकतं, एवढंच. हा शब्द कुठल्याच भाषेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमनने (१८५४–१९३२) तो घडवला आणि १८८८ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला. ‘के’ हे अक्षर त्याला ठसठशीत, धारदार वाटायचं. आईचं माहेरचं आडनाव किलबर्न, तेही त्याच अक्षराचं. मग दोन्ही टोकांना ‘के’ येईल अशा अक्षरांच्या जुळण्या तो करत बसला. शब्द छोटा हवा, उच्चार कुणाला चुकवता येऊ नये आणि धंद्यातल्या दुसऱ्या कशाशी साम्य नको, अशा त्याच्या अटी. म्हणजे अर्थ नसणं हाच या शब्दाचा गुण; व्युत्पत्ती शोधणाऱ्याने हात टेकावेत.

हा माणूस मुळात बँकेतला कारकून. वडील लवकर गेले, शाळा अर्धवट सुटली. १८७७ मध्ये फोटोचं सामान घेतलं, तर कॅमेऱ्यासोबत तंबू, रसायनं आणि काचा असा सगळा संसार वाहावा लागे. काचेवर लेप द्यायचा आणि तो वाळायच्या आत फोटो काढून धुऊनही मोकळं व्हायचं. याला कंटाळून त्याने आईच्या स्वयंपाकघरात रात्री जागून कोरड्या काचांचे प्रयोग केले, पुढे फिल्मचा रोल आणला. पहिला कोडक २५ डॉलरचा, आत शंभर फोटोंचा रोल भरलेला. तो संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा घरी. ‘तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो’ अशा अर्थाची त्याची जाहिरात गाजली. आपण रोल ‘धुवायला टाकायचो’, लॉन्ड्रीत कपडे टाकावेत तसा. त्यातला ‘टाकणं’ हा भाग या व्यवस्थेची देणगी. त्याआधी काढणारा आणि धुणारा बहुधा एकच असे.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मालाच्या नावासाठी एवढा जीव टाकणारा हा माणूस दान करताना स्वतःचं नाव लपवायचा. १९१२ मध्ये बोस्टनजवळच्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेला नव्या जागेसाठी २५ लाख डॉलर दिले, ते ‘मिस्टर स्मिथ’ या नावाने. आपल्याकडे ‘जोशी’ म्हणून पावती फाडावी, तसं. हा स्मिथ कोण, ते जगाला १९२० मध्ये कळलं. या संस्थेला त्याने दिलेली एकूण देणगी पुढे दोन कोटी डॉलरच्या घरात गेली. सगळीच दानं काही गुप्त नव्हती. रॉचेस्टरच्या संगीत विद्यालयाला त्याचंच नाव आहे, आणि लंडन, रोम, पॅरिस इथे मुलांच्या दातांचे दवाखाने निघाले तेही त्याच्याच पैशातून. पण ‘गुप्तदान’ हा मराठी शब्द त्या स्मिथला जसा बसतो, तसा फार थोड्यांना बसत असेल.

आता लेखनाचं. इंग्रजी उच्चाराला ‘कोडॅक’ जवळचं. बोलण्यात मात्र ‘कोडक’ सर्रास ऐकू येतं आणि मला तेही चूक वाटत नाही. उच्चार चुकणारच नाही या ईस्टमनच्या खात्रीला आपण सुरुंग लावला, हे मान्य करू. विभक्ती लावताना ‘कोडकचा रोल’ म्हणावं, ‘कोडकाचा’ नको. कॅमेऱ्याचं सामान्यरूप आपण बिनदिक्कत करतो, पण ‘कोडक’ हे विशेषनामच राहिलं. फोटोकॉपीची ‘झेरॉक्स’ झाली, वनस्पती तुपाचा ‘डालडा’ झाला, पण कुठल्याही कॅमेऱ्याला ‘कोडक’ म्हणायची सवय मराठीला लागली नाही.