आधी जन्माचा दाखला पुरा करा, मग पासपोर्टचा अर्ज

बडोद्यात मांजलपूरला राहणाऱ्या ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा डिसेंबर २०२३ चा, बाळंतपण माहेरी नाशिकला झालं, दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी आहे, मिस्टर मस्कतला नोकरीला, तुमच्या पासपोर्टात अजून माहेरचं नाव, आणि लेकराला घेऊन तिकडे जायचंय. ऑनलाइन अर्ज जन्मतारखेच्या पुराव्यापाशी अडला. जाऊबाई म्हणतात आधार चालतं, खालच्या झेरॉक्सवाल्याने एजंट सुचवलाय.

जाऊबाई खोटं बोलत नाहीत, पण त्यांचा मुलगा मोठा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखला हा एकच कागद चालतो. पासपोर्टच्या नियमांत तशी दुरुस्ती २०२५ मध्ये झाली. त्याआधी जन्मलेल्यांना इतर कागदांची मोकळीक अजून आहे, म्हणून घरोघरी वेगवेगळे सल्ले ऐकू येतात. तुमचा मुलगा नव्या नियमात बसतो. आधार, बालवाडीचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, काहीही दाखवलं तरी तारखेपुरता उपयोग शून्य. तेव्हा अर्ज तसाच सेव्ह करून ठेवा आणि आधी दाखल्याकडे बघा.

कोऱ्या नावाची काळजी नको. बारशाआधीच दाखला काढला की असं होतं, निम्म्या घरांत हीच गोष्ट. जन्माची नोंद झाल्यापासून बारा महिन्यांत नाव फुकट चढवता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तुमचं वर्ष उलटलंय, म्हणजे थोडे पैसे जातील, एवढंच. मात्र हे काम नाशिकलाच होणार. नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे असते, आपल्या महापालिकेत खंडेराव मार्केटला कितीही खेटे घातले तरी तिथला कारकून काही करू शकत नाही. आजोबा नाशिकला असतील तर जन्म-मृत्यू विभागात फोन करून विचारू द्या की तुमच्या दोघांच्या सह्यांचे कागद त्यांच्या हाती चालतील का. चालले तर तुमची फेरी वाचली.

आता खरा मुद्दा. नाव चढवायला जाल तेव्हा दाखल्यावरची आई-वडिलांची नावंही तपासून घ्या. बडोद्यातल्या मराठी घरांत घोळ होतो तो इथेच. तुमचे मिस्टर इथेच शिकलेले असतील तर त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि नावापुढे 'कुमार' किंवा 'भाई' असण्याची दाट शक्यता आहे. आपण नाही लावत, पण इथले मास्तर प्रेमाने लावतात आणि मग ते पॅनवर, बँकेत, कधी पासपोर्टातही जाऊन बसतं. तिकडे नाशिकच्या दवाखान्यात तुमच्या वडिलांनी फॉर्म भरताना साधं 'सुनील' सांगितलेलं असतं. मग बापाच्या पासपोर्टात सुनीलकुमार आणि मुलाच्या दाखल्यात सुनील. पासपोर्ट केंद्राच्या काउंटरवरचा माणूस समजूतदार निघाला तर सोडून देईल, नाहीतर दुरुस्त करून आणा म्हणेल, आणि ती दुरुस्ती पुन्हा नाशिकला.

स्पेलिंगचं तर विचारूच नका. 'ज्ञ' असलेलं नाव ठेवलंत तर महाराष्ट्रातला कारकून डी-एन-वाय लिहितो, आपल्या इथला जी-एन. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण आधार इथलं आणि दाखला तिथला असेल तर एकाच मुलाची दोन नावं झाली.

उपाय साधा आहे. एका कोऱ्या कागदावर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत तीन ओळी लिहा: मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. वडिलांचं नाव त्यांच्या पासपोर्टातून अक्षर न् अक्षर उतरवा. हाच कागद नाशिकला पाठवा, अर्ज भरताना हाच समोर ठेवा, आणि मुलाचं आधार काढलं नसेल तर तिथेही हाच द्या. नवा दाखला हातात आला की त्याच कागदाशी ताडून बघा, आणि कृपा करून तो लॅमिनेट करू नका.

आईच्या नावाचं काय? दाखल्यावर तुमचं सासरचं नाव आणि पासपोर्टात माहेरचं. पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला २०१६ च्या शेवटी झालेल्या बदलांपासून सक्तीचा राहिलेला नाही. तरी तुमच्या बाबतीत दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला तो सोबत असलेला बरा. लग्नाची नोंद केलेली असेल तर मूळ प्रत आणि झेरॉक्स फाइलमध्ये टाका. स्वतःचा पासपोर्ट नव्या नावाने करून घ्यायचा असेल तर तो वेगळा अर्ज. दोन्ही एकत्र उरकायचा मोह होतो, पण माझं मत विचाराल तर मुलाचा आधी होऊ द्या.

मिस्टरांची संमती. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र लागतं, त्याला अॅनेक्शर डी म्हणतात. पासपोर्ट सेवाच्या साइटवरून उतरवून साध्या कागदावर प्रिंट काढायचं. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेले लोक अजूनही नोटरीचे पैसे घेतात आणि लोक देतात, याचं मला दरवेळी नवल वाटतं. मिस्टर सुट्टीवर येणार असतील तर सही तेव्हाच घ्या आणि त्यांच्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांची झेरॉक्सही सही करून ठेवून घ्या. लवकर येणार नसतील तर त्यांनी आपलं घोषणापत्र मस्कतच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मूळ प्रत पाठवावी. अॅनेक्शर सी नावाचाही एक नमुना आहे, एका पालकाची संमती मिळतच नाही अशा प्रसंगासाठी: विभक्त आहेत, संपर्क नाही वगैरे. झटपट होईल म्हणून कुणी तो भरायला सांगितला तर ऐकू नका. नवरा फोनवर रोज बोलतोय आणि कागदावर संमती मिळत नाही म्हणून सही करायची, हे चुकीचं निवेदन झालं.

अर्ज भरताना बडोदा शोधत बसाल तर सापडणार नाही. आधी प्रादेशिक कार्यालय म्हणून अहमदाबाद निवडायचं, मग त्याखालचं बडोद्याचं केंद्र. जवळची तारीख मिळत नसेल तर दुसरं केंद्रही चालतं. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो. दाहोदला कुणी नातेवाईक असेल तर तिथल्या पोस्टातलं केंद्र बघा. म्हैसूरबरोबर २५ जानेवारी २०१७ ला सुरू झालेलं, पोस्टातल्या केंद्रांपैकी हे देशातलं पहिल्या दोघांतलं. साइट मात्र शेवटी जीओव्ही डॉट इन असलेलीच उघडा. हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट्स पैसे उकळतात.

फी: मुलांच्या पासपोर्टला १००० रुपये, पण आठ वर्षांखालच्या मुलाच्या नव्या अर्जाला दहा टक्के सूट, म्हणजे तुम्हाला ९००. तत्काळला वर २००० लागतात. दाखला तयार असेल तर तत्काळची गरज नाही, आणि दाखला तयार नसेल तर तत्काळने काही होत नाही. पैसे भरल्याशिवाय तारीख मिळत नाही, आणि तारीख बदलायची मुभा तीनदाच, म्हणून नाशिकचा कागद हातात येण्याआधी पैसे भरू नका.

चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो केंद्रावर काढत नाहीत, आपण न्यायचा: साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. ऐकायला सोपं आहे. स्टुडिओत स्टुलावर बसवलं की पोर मान वळवून आईकडे बघतं, फोटोग्राफर किल्ल्या वाजवतो, पोर हसतं आणि तोंड उघडं येतं. मागे धरलेल्या आईची बोटं खांद्यावर दिसली की तोही बाद. झोप झाल्यावर, पोट भरलेलं असताना न्या, आणि पांढरा शर्ट घालू नका, पाठीमागच्या पांढऱ्यात मिसळून जातो.

मिळालेल्या तारखेला केंद्रावर मुलाला घेऊन जायचंच. एक पालक पुरे, तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगळ्या पिशव्यांत. झेरॉक्सवर सही तुमची, पालक म्हणून. आत ए, बी, सी असे तीन टप्पे. ए वर कागद स्कॅन होतात आणि स्पेलिंग पडद्यावर दाखवतात. इथे पोर खाली लोळत असलं तरी मान वर करून प्रत्येक अक्षर वाचा, तो तीन ओळींचा कागद हातात धरून. बी वर सरकारी अधिकारी मूळ कागद बघतात, सी वर मंजुरी. पत्त्यासाठी आई-वडिलांपैकी एकाचा पुरावा चालतो. दोघांचे पासपोर्ट चालू मुदतीचे असतील तर लहानग्यांची पोलिस पडताळणी बहुधा होत नाही, पण ते कार्यालय ठरवतं. आलेच पोलिस तर फाइल तयार ठेवा, झालं.

पासपोर्ट स्पीड पोस्टने अर्जातल्या पत्त्यावर येतो. मुदत पाच वर्षांची. बहुतेक देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात, म्हणजे वापरायला साडेचारच धरा.

तिकिटाचं विचारलंत, तर आत्ता काढू नका. व्हिसाच्या अर्जाला मुलाचा पासपोर्ट नंबर लागणार, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच हवं. नाशिकहून दाखला आला की इथे लिहा, अर्जातली नावाचे आणि आडनावाचे रकाने भरण्याआधी एकदा बघून देईन.