ब्रीडर म्हणतो, पिल्लू बदलून देतो

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. पुण्याच्या एका ब्रीडरकडून 45,000 रुपयांना जर्मन शेफर्डचं पिल्लू घेतलं. 'आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत, रिपोर्ट क्लीन आहेत' असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. आता शेरू सात महिन्यांचा आहे. तो लंगडतो. डॉक्टरांनी हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार) सांगितला, ऑपरेशन लागेल म्हणाले. ब्रीडर म्हणतो, कुत्रा परत आणा, दुसरं पिल्लू न्या. पैसे मिळणार नाहीत.

उत्तर : शेरूला परत देऊ नका. घरात रुळलेला जीव बदलून घ्यायची सक्ती तुमच्यावर कोणीच करू शकत नाही. तो तुमच्याकडे ठेवूनही भरपाई मागता येते.

नुसतं 'कुत्रा आजारी निघाला' एवढ्यावर दावा उभा करू नका. हा आजार बराचसा आनुवंशिक असला तरी वाढत्या वयातलं वजन, खाणं, उड्या यांचाही त्यात वाटा असतो आणि समोरचा वकील नेमकं तेच म्हणेल. तुमचं खरं बळ त्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजात आहे. नोटीस पाठवून दोन्ही एक्स-रे रिपोर्ट मागा. ते नसतील, तर खोटी माहिती देऊन विक्री झाली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तो मेसेज पुसू नका, फोनही विकू नका.

त्याच नोटिशीत राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी आणि पिल्लाचा मायक्रोचिप क्रमांकही (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा नंबर) विचारा. कुत्र्यांच्या पैदाशीच्या 2017 च्या नियमांनुसार ब्रीडरला दोन्ही बंधनकारक आहे. केनेल क्लबचा कागद दाखवला तर भुलू नका, ती वंशावळीची नोंद. या नोंदणीची जागा ती घेत नाही. नोंदणी नसेल तर मंडळाकडे वेगळी तक्रार करा. ब्रीडरकडे पैदाशीसाठी अजून माद्या असतील, त्यांच्यासाठीही ही तक्रार गरजेची आहे.

उत्तर आलं नाही तर नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा, पुण्याला खेटे नकोत. मुदत दोन वर्षांची आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. किंमत, उपचारखर्च आणि मनस्ताप, तिन्ही मागा.

निकालासाठी ऑपरेशन मात्र लांबवू नका. फक्त त्याआधीचे एक्स-रे आणि डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं मत आजच घेऊन ठेवा. ऑपरेशननंतर मूळ दोष दाखवणं अवघड जाईल.