पऱ्हाटी लाल पडली म्हणून स्ट्रेप्टो मारू नका

या हप्त्यात सगळ्यात जास्त फोन याचेच, की साहेब पऱ्हाटी (कपाशी) लाल पडली, कृषी केंद्रवाल्यानं स्ट्रेप्टोची, म्हणजे अँटिबायोटिकची पुडी दिली, दोन फवारे झाले तरी फरक नाही, आता डोस डबल करू का? नका करू. डबल काय, सिंगलही नको.

आधी पान पहा. शिरा हिरव्या अन् मधातला भाग लाल, तर ती मॅग्नेशियमची कमी, बोंडं भरताना दिसते. 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारा. लाल झालेलं पान परत हिरवं होत नाही, नवीन पानं पहा, उगाच घाबरून दुसरं काही मारू नका. कडा लाल होऊन पान मुरडलं अन् पानाखाली तिरपे चालणारे तुडतुडे दिसले तर इलाज वेगळा.

स्ट्रेप्टो म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन अन् टेट्रासायक्लीन, सरळ अँटिबायोटिक. फक्त जिवाणूवर चालते. खताची कमी त्यानं भरून निघते का? यातलं स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या टीबीवर वापरतात. वावरात फवारलं की मातीतले कमजोर जिवाणू मरतात, दणकट उरतात, अन् ती ताकद दुसऱ्या जिवाणूंनाही देतात, मग उद्या घरातलं माणूस आजारी पडलं तर डॉक्टरचं औषध लागू न होण्याचा धोका वाढते. केंद्र सरकारनं 2021 च्या डिसेंबरातच हे शेतीतून बंद करायचा मसुदा काढला होता. दुकानदार तरी देतो, कारण पुडी स्वस्त असते अन् टॉनिकच्या बिलात खपून जाते. पक्कं बिल मागा, तोंडी सल्ला घेऊ नका. 2017 ला यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तरी एका पंपात चार औषधं कालवणं सुटत नाही!

संत्र्याच्या खोडातून डिंक येते त्यालाही स्ट्रेप्टो नाही, ते फायटोफ्थोराचं, म्हणजे बुरशीसारख्या रोगजंतूचं काम आहे, जिवाणूचं नाही. माझं ऐकाल तर बोर्डो पेस्ट. डिंक खरडून काढा, 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या ड्रममध्येच. लोखंडी विळा बुडवून पहा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून टाका. ही पेस्ट खोडाला लावा, पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, दरवर्षी. लिंबावरचा खैऱ्या रोग मात्र खरंच जिवाणूचा, तिथंही आधी रोगट फांद्या छाटून जाळा, मग 10 लिटरला 30 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड.

फवारणी पंपाची सबसिडी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) लागते, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.