हंगामाच्या शेवटी एकाच दिवसात स्कीइंग आणि छोट्या गुहा, दोन्ही जमतं का? आधी काय करावं आणि सोबत काय न्यावं?

जमतं. आधी गुहा, मग स्की. उलट क्रम सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग ते तुमचे साडू का असेनात.

आमचे साडू म्हणाले होते, "गुहेत बारा महिने अंधारच असतो. ती कुठे पळून जाते का? सकाळ बर्फावर घालवू." ऐकायला बिनतोड वाटतं. पण हंगामाच्या शेवटी बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो, त्यामुळे सकाळी उतार काचेसारखा असतो. मी हे आदल्या रात्रीच सांगितलं होतं. बायको आणि मेहुणी साक्षीला आहेत, पण त्या बोलत नाहीत. पहिल्या फेरीत स्कीच्या कडा नुसत्या करकरत होत्या. साडू दोनदा आडवे झाले आणि उठताना म्हणाले, "मजा येतेय." दहा वाजून गेल्यावर वरचा थर सुटून भरड दाण्यांचा झाला. खरी मजा आली ती तेव्हा, आणि ती तासा-दीड तासाची. पुढे नुसता चिखल. स्की रुतते, गुडघा पिरगळतो. तरी "एक शेवटची फेरी" चालूच.

गुहेपाशी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. सकाळी जाताना मी तोंडाशी डोकावलो होतो, तेव्हा आत पाण्याची बारीक धार होती. आता तिथेच पाणी गुडघ्यापर्यंत होतं. दिवसभर वितळलेला बर्फ चुनखडीच्या भेगांतून उतरत असतो, त्यामुळे पाणी दुपारी-संध्याकाळी चढतं आणि पहाटेला सर्वांत कमी असतं. पुढे रांगत जायची बुटकी वाट होती. छत आणि पाणी यांच्यात वीतभर जागा. मी परत फिरलो. "घाबरलात का हो?" असं त्यांनी विचारलं आणि ते अजूनही चारचौघांत विचारतात. स्वतः मात्र त्या वाटेत शिरले नाहीत, हे सांगायचं दरवेळी राहून जातं.

शिवाय ते घामाने भिजलेले. गुहेतलं तापमान साधारण त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं. जिथे स्कीइंग होतं तिथे ते फार नसतंच. ओल्या अंगाने तिथे बसलात की हात बधिर व्हायला वेळ लागत नाही.

सामानाचं म्हणाल तर डोक्याला टॉर्च आणि शिवाय आणखी दोन दिवे, प्रत्येक माणसाकडे. स्कीचे बूट गुहेत चालत नाहीत. सुती कपडे नकोत. गुहेतून आल्यावर बदलायला पूर्ण कोरडा जोड हवा, नाहीतर माझा क्रमही फसेल. किती वाजेपर्यंत परत येणार ते बाहेरच्या कुणाला तरी सांगून जा. तोंडाशी बर्फाचे सुळे लटकत असतील तर त्यांच्याखाली रेंगाळू नका. बाकी तुम्हाला माहीत असेलच.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगतो. आत वटवाघळं झोपलेली असतील तर ती गुहा सोडा. हिवाळी झोपेतून उठवलं की त्यांची उरलीसुरली चरबी जळते आणि बाहेर खायला किडे नसतात. अमेरिकेत 2006 मध्ये प्रथम दिसलेल्या बुरशीच्या रोगाने लाखो वटवाघळं मेली ती अशाच अवेळी जागं होण्याने. ती बुरशी कपड्या-बुटांवरूनही जाऊ शकते, तेव्हा एका गुहेतला चिखल दुसरीत नेऊ नका.

आणि रात्री ढग राहून बर्फ गोठलाच नसेल तर माझा सगळा हिशोब रद्द. उतारावर ओला बर्फ घसरायचा धोका सकाळपासूनच, आणि गुहेत पाणी रात्रभर झिरपत राहून सकाळीही चढलेलंच. त्या दिवशी दोन्ही नको. साडू तरीही निघतील, त्यांच्या गाडीत बसू नका.