हिवरे बाजारला आता पूर्वीपेक्षा जास्त पाऊस पडतो का?

नाही, पाऊस वाढलेला नाही. पडलेलं पाणी गावात थांबतं, एवढाच फरक. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं आणि वर्षाला साधारण 400 मिमी पावसावरच भागवतं. 1972च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, लोक पुण्या-मुंबईकडे पांगले. 1989 नंतर पोपटराव पवार सरपंच असताना डोंगरउतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे लांब खड्डे) खणले, खाली पाझर तलाव आणि बंधारे बांधले, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी लागू झाली. झाडं आली म्हणून ढग आले, असं बरेच जण सांगतात; ते सोडून द्या. माझ्या मते खरं काम नियमांनी केलं: शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. शिवाय गावात पर्जन्यमापक आहेत. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी बघून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं-जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला, मग रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी झाला तर जास्त पाणी लागणारा गहू कमी पेरतात.

मात्र हे जसंच्या तसं कुठल्याही गावाला लागू पडेल असं समजू नका. इथे गावाभोवती डोंगर आहेत, त्यामुळे माथ्यावर अडवलेलं पाणी गावच्याच विहिरींना उतरतं. सपाट माळावरच्या गावात चर खणून इतका फरक दिसणार नाही.