प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जात नाही, मग १३८० कोटी वर्षं वयाच्या विश्वाची दिसणारी कड ४६०० कोटी प्रकाशवर्षं लांब कशी?

तुम्ही हिशेब बरोबर केलाय: प्रकाश वर्षभरात जेवढं जातो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे १३८० कोटी वर्षांत १३८० कोटीच. फक्त रस्ता जागच्या जागी आहे असं धरलंय.

कोल्हापुरात वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. तिथं मी हे समजून घेतलं, तेही चड्डीच्या इलॅस्टिकवर. हातभर तुकडा घ्या, खडूनं इंचा-इंचावर खुणा करा, एक टोक मशीनच्या पायाखाली दाबा आणि दुसरं दुप्पट लांबीपर्यंत ओढा. पहिली खूण एका इंचावरून दोनवर जाते, दहावी दहावरून वीसवर. तेवढ्याच वेळात! खूण जितकी लांब तितकी पळते जास्त, आणि चालली तर एकही नाही.

खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलनं १९२९ मध्ये दीर्घिकांबद्दल, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांबद्दल, हेच दाखवलं. आजचा दर ढोबळमानानं दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागं सेकंदाला ७० किलोमीटर. गुणत गेलात की साधारण १४०० कोटी प्रकाशवर्षांवर हा वेग प्रकाशाएवढा, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर होतो. त्यापलीकडं जास्तच. नियम मोडत नाही, कारण बंधन आहे ते इलॅस्टिकवरून चालणाऱ्या मुंगीला, म्हणजे प्रकाशाला; पट्ट्याला, म्हणजे ताणणाऱ्या अवकाशाला नाही. ती आपल्या चालीनं १३८० कोटी वर्षं चालली, पण तिच्या मागचा पट्टाही ताणत राहिला. म्हणून ती निघाली ती जागा आज ४६०० कोटींवर.

मला खरी गंमत पुढं वाटते. प्रकाशाहून वेगानं लांब जाणाऱ्या कितीतरी दीर्घिका आपल्याला दिसतात! त्यांचा प्रकाश आपल्याकडं तोंड करून निघाला तरी सुरुवातीला मागंच ओढला गेला. पुढं ताणण्याचा दर उतरत गेला, तसा तो कमी वेगानं सरकणाऱ्या पट्ट्यात शिरला आणि पोचला. मात्र सुमारे १६०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडून आज निघालेला प्रकाश कधीच पोचणार नाही. कारण विश्वाच्या प्रसरणाला आता उलट गती येतेय, हे १९९८ मध्ये कळलंय.

आमच्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर विश्व महास्फोटातून सुरू झालं असं मानत नव्हते, पण प्रसरण त्यांनाही मान्य होतं. वाद होता तो सुरुवात झाली का, यावर.

आणि हो, कोल्हापूर-पुणे अंतर यामुळं वाढत नाही. लागणारा वेळ वाढतो, पण त्याला रस्त्याची कामं आहेत. गुरुत्वानं बांधलेलं काहीच ताणलं जात नाही. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडंच येतेय.