ऑनलाइन रिव्ह्यू खरा आहे की पैसे देऊन लिहवून घेतलेला आहे, हे कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की ४.४ रेटिंग आणि हजारो रिव्ह्यू पाहून आपण मिक्सर मागवला, त्याची मोटर दोन महिन्यांत जळाली, आणि दुसरा घेण्यापूर्वी खरे-खोटे रिव्ह्यू ओळखण्याची काही रीत असल्यास आपल्याला हवी आहे. दापोली तालुक्यात हर्णैजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. कोण राहून गेले आणि त्याने मागाहून काय लिहिले हे मी गेली अनेक वर्षे पाहुण्यांच्या वहीशी पडताळून पाहत आलो आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटले.

आधी आमच्याकडचे दोन रिव्ह्यू सांगतो. एका पाहुण्यांनी चार स्टार देऊन लिहिले होते की घावन आणि सोलकढी उत्तम, हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहून परत आलो तेव्हा वीज गेली होती, इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि एक दिवा चालतो, आणि मागच्या खोलीच्या न्हाणीघराचे दार पावसाने फुगल्यामुळे नीट लागत नाही. दार खरोखरच फुगले होते. आम्ही सुतार बोलावून ते रंधून घेतले. दुसरा रिव्ह्यू जुलैमधला होता. त्यात एक स्टार आणि एवढेच शब्द होते : ‘खोल्या अस्वच्छ, कर्मचारी उद्धट, पैसे वाया.’ जुलैमध्ये आमचा होमस्टे पूर्ण बंद असतो. शिवाय आमच्याकडे कर्मचारी म्हणावे असे कोणीच नाही. मी, पत्नी आणि वहिनी असे तिघेच सर्व पाहतो. लिहिणाऱ्याचे प्रोफाइल उघडले तेव्हा त्याच दिवशी त्याने चार वेगवेगळ्या राज्यांतील हॉटेलांना आणि दोन दंतवैद्यांना रिव्ह्यू दिलेले दिसले.

जो राहिला नाही त्याला न्हाणीघराचे दार माहीत नसते, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा एवढाच आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये हीच गोष्ट मोजून दाखवली. त्यांनी शिकागोतील २० हॉटेलांचे ४०० खरे रिव्ह्यू घेतले आणि तितकेच खोटे रिव्ह्यू प्रत्येकी एक डॉलर देऊन लिहवून घेतले. माणसांना वाचायला दिले तेव्हा त्यांचे निदान नुसता अंदाज बांधल्याइतपतच बरोबर आले. संगणकाला मात्र शब्दांच्या वापरावरून सुमारे ९० टक्के वेळा फरक ओळखता आला. खऱ्या रिव्ह्यूंमध्ये मजला, न्हाणीघर, जागा, लहान-मोठे असे शब्द अधिक होते. खोट्यांमध्ये ‘मी’, ‘माझे’, ‘पती’, ‘सुट्टी’, ‘अनुभव’ आणि शहराचे किंवा हॉटेलचे नाव अधिक वेळा येत होते. न पाहिलेल्या जागेबद्दल लिहिताना माणूस जागेऐवजी स्वतःबद्दल आणि निमित्ताबद्दल लिहीत जातो, असाच याचा अर्थ मी लावतो.

मिक्सरला हेच लावून पाहा. ‘ओल्या नारळाचे वाटण बारीक होते, पण लहान भांड्याचे झाकण हाताने दाबून धरावे लागते, इडलीचे पीठ दोनदा सलग वाटले की मोटरला वास येतो, चौथ्या महिन्यात कपलर बदलला’ असे लिहिणाऱ्याच्या ओट्यावर तो मिक्सर नक्की आहे. ‘माझ्या कुटुंबाला अतिशय आवडला, सर्वांनी अवश्य घ्यावा, पैशाचे पूर्ण मोल’ हे वाक्य मिक्सरऐवजी सतरंजीखाली चिकटवले तरी चालेल. असा मोघम मजकूर खोटाच असतो असे मी म्हणणार नाही, कारण पुष्कळ भली माणसे घाईत असेच लिहितात. मात्र निर्णय घेताना मी त्याला शून्य वजन देतो. ‘डिलिव्हरी वेळेवर, पॅकिंग छान’ हे रिव्ह्यूही बहुतेक खरेच असतात, पण ते पार्सल उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात आणि मोटर किती टिकेल याबद्दल त्यांतून काहीच कळत नाही. म्हणून मी आधी दोन, तीन आणि चार स्टारचे रिव्ह्यू वाचतो, आणि त्यांतही वापराला काही महिने झाले असे सांगणारे शोधतो.

एक सावधगिरी मात्र हवी. आता संगणकाला सांगून न्हाणीघराचे दारही लिहवून घेता येते, त्यामुळे केवळ भाषेवरून निर्णय करण्याचे दिवस मागे पडत चालले आहेत. उलट अशुद्ध, तुटक, मराठी-हिंदी मिसळून लिहिलेला रिव्ह्यू अनेकदा अस्सल निघतो. भाषा कच्ची आहे म्हणून तो बाजूला सारू नये. भाषेपेक्षा तारखा अधिक बोलतात. रिव्ह्यू नवीनतम प्रथम असे लावून घ्यावेत आणि पाहावे की वर्षभर तुरळक येणारे रिव्ह्यू एखाद्या आठवड्यात अचानक झुंडीने आले आहेत का, आणि ते सर्व पाच स्टारचे आहेत का. सणाच्या सेलनंतरही अशी गर्दी होते, पण तेव्हा तिच्यात तक्रारीही मिसळलेल्या असतात. त्याचप्रमाणे पाच स्टार खूप, एक स्टार थोडे आणि मधले फारच कमी, एवढ्यावरून संशय घेऊ नये. फार खूश झालेली आणि फार चिडलेली माणसेच लिहायला बसतात, त्यामुळे प्रामाणिक रिव्ह्यूंचा आकारही बहुधा तसाच असतो.

‘व्हेरिफाइड पर्चेस’ किंवा ‘सर्टिफाइड बायर’ या शिक्क्यावर आपण विसंबला असाल तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या. त्या खात्यावरून ती वस्तू विकत घेतली गेली, एवढेच तो शिक्का सांगतो. गेल्या वर्षी मी मागवलेल्या एका विजेच्या किटलीच्या खोक्यात पत्त्याएवढे रंगीत कार्ड निघाले. त्यावर ‘पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा आणि १०० रुपये मिळवा’ असे छापले होते. खरेदी खरी, खरेदीदार खरा, आणि मत तेवढे विकत घेतलेले. दुसरी लबाडी रिव्ह्यूंच्या जोडणीची असते. एका वस्तूचे जुने चांगले रिव्ह्यू दुसऱ्या, नव्या वस्तूच्या पानावर आणून बसवले जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अशाच प्रकरणात एका व्हिटॅमिन विकणाऱ्या कंपनीला ६ लाख डॉलर भरायला लावले. त्यामुळे वर्षभरापूर्वीचे काही रिव्ह्यू उघडून ते याच मॉडेलबद्दल आहेत का, फोटोंमधला मिक्सर हाच आहे का, हे पाहणे फार उपयोगी पडते.

हे पैसे देऊन लिहिणारे येतात कोठून, हे मला माझ्या पुतण्यामुळे कळले. तो पुण्यात शिकतो. त्याला मेसेज आला की नकाशावरील हॉटेलांना पाच स्टार द्यायचे आणि प्रत्येकी ५० रुपये मिळवायचे. त्याने न पाहिलेल्या तीन हॉटेलांना ‘छान जागा, उत्तम सेवा’ असे लिहिले आणि १५० रुपये खात्यात जमाही झाले. मग त्याला टेलिग्रामवरील ग्रुपमध्ये घेऊन पुढच्या टास्कसाठी आधी १००० रुपये भरायला सांगितले, तेव्हा त्याने मला फोन केला आणि तेथेच थांबला. पुण्या-मुंबईत याच टास्क फ्रॉडमध्ये लोकांचे लाखो रुपये गेले आहेत. आपल्या ओळखीत कोणी अडकले असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. त्या तीन हॉटेलांचे रिव्ह्यू त्याने स्वतः काढून टाकले, पण असे किती जण मागे जाऊन काढतात?

कायद्याकडून सध्या फार अपेक्षा ठेवता येत नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणले आणि विकत घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत असे त्यात स्पष्ट म्हटले, पण ते ऐच्छिक स्वरूपात आणले गेले. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडेही असे बंधन यावे असे मला मनापासून वाटते, कारण आमच्यासारख्या चार खोल्यांच्या घराला एका खोट्या स्टारची झळ एका संपूर्ण हंगामात बसते.

आपल्या जळालेल्या मोटरसाठी बिल, वॉरंटी कार्ड आणि जळक्या भागाचा फोटो जवळ ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. खोक्यात बक्षिसाचे कार्ड निघाले असेल तर त्याचाही फोटो जोडा. आणि नवा मिक्सर मागवण्यापूर्वी जवळच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात एकदा जाऊन या. कोणत्या कंपनीचे मिक्सर सर्वांत जास्त येतात, कोणत्या मोटरमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार निघते आणि कोणाचे सुटे भाग सहज मिळतात, हे तो कारागीर आपल्याला उघडलेली मोटर हातात देऊन दाखवील.